देव बसेपर्यंत

वाकड, पुणे
६ मे २०२५

ती. पंजाबराव भाऊजी यांस,
शकुंतलाचा नमस्कार.

माझं अक्षर तुम्ही ओळखता. सासूबाईंची तुम्हाला जाणारी पत्रं मीच लिहून देत होते. पाकीट न फोडताच फेकाल म्हणून वरचा पत्ता पूनमकडून लिहून घेतला आहे. पूनम माझी सून, दीपकची बायको. तुम्ही लग्नाला आला नव्हता, म्हणून सांगितलं.

फोन लागतो, पण तुम्ही उचलत नाही. दीपकचा उचललात आणि 'कोन दीपक?' म्हणून ठेवून दिलात. आता पत्र तरी वाचा.

आम्ही जळगाव जामोद सोडलं. म्हातारपणी दोघांनीच तिकडं राहू नये, हा दीपकचा हट्ट. घर भाड्यानं दिलं आणि आखाजीचा दिवस, साडेतीन मुहूर्तांतला, म्हणून त्या सकाळी निघालो. सामानाचा ट्रक आणि दीपकची गाडी. दीपक जालन्यावरून जाऊ म्हणत होता, पण यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की चिखलीवरून मेहकरला जायचं आणि तिथून समृद्धीला लागायचं. हिवरा आश्रमाच्या अलीकडे एका हॉटेलवर चहाला थांबलो. संध्याकाळी पुण्याला पोचलो तेव्हा हे गाडीत नव्हते. ट्रकमध्ये असतील असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला, त्यातही नव्हते.

कधी कुठं गेले, कोणाला कळलं नाही.

त्या हॉटेलापासून तुमचं गाव पायी जाण्याजोगं आहे. तुमच्याकडे आले असतील तर एवढं एकच कळवा. घेऊन या म्हणत नाही, समजूत काढा म्हणत नाही. 'आहे' एवढं कळलं तरी मला रात्री डोळा लागेल. तुमचं भांडण आहे तिथंच राहू द्या, त्याला मी हात लावत नाही.

जाऊबाईंना नमस्कार.

शकुंतला


वाकड, पुणे
१६ मे

भाऊजी,

उत्तर आलं नाही. येईल अशी फार आशाही नव्हती, तरी खाली जाऊन वॉचमनला रोज विचारते. इथं पत्र येतं हेच त्याला नवल वाटतं.

मी आणि दीपक मेहकरला जाऊन आलो. पोलिसांत तक्रार दिली. लग्न झाल्यापासून यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. तिथं घ्यावं लागलं. गोकुळ. वय सहासष्ट. एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर. अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं. हवालदार म्हणाला, "पायात काय व्हतं?" मी म्हटलं, काही नाही. "फोन?" फोन गाडीत चार्जिंगला. "मंग हातात काय व्हतं?" मी म्हटलं, देव.

तो पेन थांबवून पाहायला लागला.

आपल्या घरची रीत त्याला समजावता समजावता माझी दमछाक झाली. शाळेत चौथीच्या पोरांना भागाकार शिकवताना एवढा त्रास झाला नव्हता. देवघरातले टाक हलवायचे तर कर्त्या माणसानं फडक्यात बांधून परडीत ठेवायचे आणि पोटाशी धरायचे. पाय अनवाणी. परडी उचलली की तोंड बंद. ज्या घरी देव न्यायचे तिथल्या कर्त्यानं त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं, देव बसवायचे, दिवा लावायचा आणि म्हणायचं, "देव घरी आले." तेव्हाच त्याचं मौन सुटतं. तोवर त्याला 'कुठं' म्हणून कोणी विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, आडवं जायचं नाही.

हवालदार म्हणाला, "बोलत नव्हते म्हंजे? मुके हायेत काय?"

मला हसू आलं, त्या जागीसुद्धा. हे आणि मुके! इंजिन उघडलं की इंजिनाशी बोलायचे. भाजी आणायला गेले तर वांग्याचं सगळं कूळ विचारून यायचे. सकाळी जळगावहून निघताना परडी उचलली आणि गप्प झाले, तेव्हा दीपक म्हणाला, "आज पहिल्यांदा बाबांच्या गाडीत मला गाणी ऐकाले भेटन."

झालं ते असं. हॉटेलवर पूनमनं डबा उघडला. त्यात उकडलेली अंडी होती. पोरीला तरी काय माहीत? यांनी परडीवर उपरणं ओढलं आणि उठून बाजूला गेले. आम्हाला वाटलं, अंड्यांच्या गाडीत देव नकोत म्हणून ट्रकमध्ये जाऊन बसले. ट्रकवाला धम्मरत्न त्याच्या चहाचा ग्लास ठेवून आला, त्याला वाटलं ते गाडीत बसले. जाऊन विचारावं तर विचारायचं नाही ही रीत. दोन्ही गाड्या निघाल्या.

पूनम तेव्हापासून स्वयंपाकघरात अंडं आणत नाही. मी तिला काही बोलले नाही. पण बोलले नाही, तेच तिला लागलं असावं.

पोलीस तुमच्याकडेही येऊन गेले. तुम्ही म्हणालात, "तो माह्या घरात आला नाही." हवालदारानं तसंच्या तसं दीपकला सांगितलं.

भाऊजी, जरा आठवून बघा. शेतात, फाट्यावर, कोणी पाहिलं असेल. विचारा तरी कोणाला. तुमचा भाऊ आहे तो.

शकुंतला


वाकड, पुणे
३ जून

भाऊजी,

परवा मेहकरहून फोन आला. सरकारी दवाखान्यात एक माणूस आहे, ओळखायला या. दीपक मला नेणार नव्हता. मी म्हटलं, चाळीस वर्षं ज्याच्या पायाला तेल चोळलं त्याचे पाय तुझ्याहून मला जास्त ओळखू येतील. चादर पायाकडूनच उचलायला सांगितली. हे नव्हते. मला इतकं हायसं वाटलं की बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले, आणि अर्धा पिऊन झाल्यावर त्या दुसऱ्या माणसाचं कोणीतरी असेल ते आठवलं.

दीपकनं एसटी स्टँडांवर फोटो लावलेत. फोन येतात. शेगावला दिसले, सैलानीला दिसले. हिवरा आश्रमाजवळून एका बाईचा आला होता. "आश्रमाच्या पंगतीले एक म्हातारा येऊन राह्यला, फोटोसारखाच दिसते. पन मुका हाय बिचारा." दीपकनं 'मुका' ऐकलं आणि आभार मानून फोन ठेवला. आमचे बाबा मुके नाहीत म्हणाला.

आता तुम्हाला एक सांगते. दीपकला अजून सांगितलेलं नाही, पोलिसांनाही नाही.

मी यांना जाताना पाहिलं होतं.

ट्रककडे गेले नाहीत ते. हॉटेलाच्या मागून जो गाडरस्ता शेतांतून निघतो, त्या रस्त्याला लागले. परडी पोटाशी, वरून उपरणं. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं, आणि हे अनवाणी. तो रस्ता तुमच्या गावाला जातो हे मला माहीत आहे. नवी नवरी होऊन मी त्याच रस्त्यानं बैलगाडीत आले होते. मेहकरवरून जाऊ असा हट्ट का धरला होता, तेही तेव्हा कळलं. पुण्याला देव न्यायचेच नव्हते यांना. मोठ्या भावाचे देव मोठ्या भावाला द्यायला निघाले होते.

हाक तोंडाशी आली होती. पण देव घेऊन निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. गिळली.

दीपकनं विचारलं, "बाबा?" मी म्हटलं, ट्रकमध्ये बसले असतील. खरं सांगितलं असतं तर तो गाडी घेऊन आडवा गेला असता, दोन शब्द ऐकवून यांना परत बसवून आणलं असतं. मला ते नको होतं. मला वाटलं, होतंय तर होऊ द्यावं. तुम्ही पाणी घालाल, देव बसतील, आखाजीचं जेवण दोघं एका पंगतीत जेवाल, रात्री अंगणात बाजा टाकून मायची आठवण काढून रडाल, आणि सकाळी हे कोणाच्या तरी फोनवरून मला सांगतील, "शकुंतला, झालं बरं का." मी त्या फोनची वाट पाहत पुण्याला आले. दीपक ट्रकवाल्याला फोन लावायला लागला तेव्हा मीच म्हटलं, राहू दे, झोपले असतील.

म्हणून मी तुम्हालाच पुन्हा पुन्हा विचारते आहे. ते तुमच्याकडे यायलाच निघाले होते. मध्ये एवढासा रस्ता. त्यात माणूस हरवतो कसा?

शकुंतला


वाकड, पुणे
१९ जून

पंजाबराव भाऊजी,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

काल दुपारी जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्यावर ओरडू नका. इतके दिवस त्यांनी कसे काढले त्यांनाच माहीत. बोलताना हुंदका आवरत नव्हता. त्या जे बोलल्या ते तसंच लिहिते, म्हणजे तुम्हाला 'असं नव्हतंच' म्हणायला जागा राहणार नाही.

"बाई, आखाजीची घागर भरली, पान वाढलं, अन् हे ओसरीत बसले व्हते. फाटकापाशी भाऊजी येऊन उभे राह्यले. पायाले फोड. उपरन्यात काईतरी पोटाशी धरेल. ह्यायनं इचारलं, 'काय काम हाय?' भाऊजी बोललेच नाही. नुसते पाहून राह्यले. 'तोंड नाही काय बे तुले? त्या दिवशी तं लय चाललं व्हतं.' तरी नाही बोलले. डोयातून पानी चाललं व्हतं, बाई, म्या पाह्यलं. ह्यायनं उठून दार लावून घेतलं. म्हने, इतकी घमेंड! म्या दार उघडू लागली तं माह्यावर हात उगारला."

"मंग?"

"मंग सांजीले तुळशीपाशी दिवा लावाले गेली, तं तिथं परडी."

त्या दिवशी म्हणजे कोणत्या, हे मला माहीत आहे. सासूबाईंच्या तेराव्याला आमच्या दारात अख्ख्या भावकीसमोर तुम्ही दोघं भांडलात. तुम्ही म्हणालात, देव मोठ्याचे. हे म्हणाले, "देव पायजेत, तं माय काऊन नाही नेली?" बोलायला नको होतं, बोलले. आणि तुम्ही पंगतीतून उठून म्हणालात, "माह्या दारात आला तं पयला शबद तुहा पायजे. माफी माग, मंग पाय ठेव." तुमचा तो शब्द यांनी मनात धरून ठेवला होता. माय गेल्यापासून गूळ सोडलेला माणूस तो. एकदा धरलं की धरलं.

माफी मागायलाच आले होते, भाऊजी. देव हातात घेऊन यायचं याहून मोठी माफी आपल्या घरात आहे का? पण देव हातात असले की बोलता येत नाही. आणि तुम्हाला तर बोलूनच हवं होतं.

दुसऱ्या कोणी दार लावलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय ठाऊक. तुम्हाला ठाऊक होतं. वडिलांनी जुन्या घरातून देव आणले तेव्हा यांनी तांब्या धरला होता आणि पायांवर पाणी आजोबांनी घातलं, तुम्ही शेजारी उभे होता. सासूबाई दर दिवाळीला सांगायच्या. पाय अनवाणी दिसले, तोंड बंद दिसलं, पोटाशी काहीतरी दिसलं. तरी नाही कळलं. राग एवढा असतो का हो?

आणि संध्याकाळी परडी पाहिल्यावर तर कळलंच असेल. तेव्हाच हाका मारत निघाला असता तर गावाच्या शिवेवर सापडले असते. तुम्ही परडी उचलून माळ्यावर टाकलीत, फडकंसुद्धा न सोडता, आणि पोलिसाला सांगितलंत, घरात आला नाही. खरंच आहे. घरात कुठं घेतलंत?

जाऊबाईंचा फोन ठेवला आणि मला ती हिवऱ्याची बाई आठवली. मुका म्हातारा. दीपककडून नंबर घेऊन मीच तिला फोन लावला. म्हणाली, "आता नाही येत तो. पाय फुटेल व्हते. कोनी नाव इचारलं, गाव इचारलं, तं नुसता हात जोडे. लोनारच्या अंगानं गेला म्हनतात."

समजलं का तुम्हाला? ते मुके झालेले नाहीत. त्यांचं मौन सुटलेलंच नाही. पायांवर पाणी पडलं नाही, दिवा लागला नाही, 'देव घरी आले' असं कोणी म्हटलं नाही. म्हणून ते कोणाला नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत, माझा नंबर पाठ असून कोणाचा फोन मागत नाहीत. तुम्ही म्हणाल, वेडेपणा आहे. असेल. दीपकही तेच म्हणतो. डॉक्टरांना विचारू म्हणतो, डोक्यावर ऊन बसलं असेल म्हणतो. पण तुम्ही दोघं एकाच मायच्या हातचं जेवून वाढलात. तो असं करेल की नाही, तुम्हीच सांगा.

मी येत आहे. रविवारी सकाळी. दीपकला सगळं सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही, पण गाडी काढतो म्हणाला. मी तुमच्या फाटकाशी उभी राहून हाक मारीन. यांना मारता येत नव्हती, मला येते. आवाज शाळामास्तरणीचा आहे, साऱ्या गावाला ऐकू जाईल. तेव्हा दार लावून दाखवा.

आणि त्याआधी परडी खाली काढा. माझ्यासाठी नको, देवासाठीही नको. तिकडं कुठंतरी एक म्हातारा तुमच्या एका शब्दासाठी तोंड मिटून फिरतो आहे. ते माझ्यानं सुटायचं नाही. तुम्हीच सोडवायचं आहे.

शकुंतला


हिवरा आश्रम
१२ जुलै

(हे पत्र स्टँडवर, हॉटेलांत, पंगतीच्या मांडवापाशी लावलं आहे. गुलाबराव हॉटेलवाल्यांनी झेरॉक्स काढून दिल्या. सोबतच्या फोटोतला माणूस कोणाला भेटला तर कृपा करून त्यांना हे मोठ्यानं वाचून दाखवा. ते ऐकू शकतात.)

अहो,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. कधी दूर गेलाच नाहीत.

मी भाऊजींकडे आहे. पुण्याला गेले नाही. पूनम येऊन गेली, माझ्या साड्या आणि तुमचा चष्मा घेऊन आली. भाऊजींना वाकून नमस्कार केला तिनं. तुम्ही तिच्यावर रागावला नव्हता एवढं तिला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

मी आले त्या सकाळी हाक मारावी लागली नाही. फाटक उघडंच होतं. भाऊजींनी माळ्यावरून परडी स्वतः उतरवली होती आणि तशीच समोर घेऊन बसले होते, फडक्याची गाठ सोडायचा धीर होत नव्हता. मी गाठ सोडून दिली. टाक त्यांनी बसवले. वात त्यांनी लावली. मग देवघरापाशीच बसून एवढ्या मोठ्यानं रडले की जाऊबाई आणि मी बाहेर निघून आलो. बाईमाणसानं पाहावं असं ते नव्हतं.

तुमच्या आधी दिवा लावला, हे रीतीला धरून झालं नाही. पाणी आधी हवं होतं. ते राहिलं आहे. भाऊजी रोज सकाळी तांब्या घासून भरतात आणि फाटकाशी खाट टाकून बसतात. शेतात जात नाहीत. उन्हं चढली की पाणी गरम होतं म्हणून ओतून पुन्हा भरतात. रस्त्यानं कोणी अनवाणी आलं की उठून उभे राहतात. काल सैलानीचा एक फकीर आला, त्याच्याच पायांवर घालायला निघाले होते; मी हात धरला. गुडघे गेलेत त्यांचे, पण लोणारपर्यंत दोनदा जाऊन आले. तिथं तुम्ही नव्हता.

मी तुमच्यावर रागावले आहे. मागे वळून एकदा पाहिलं असतंत तर मी हाक मारली असती, रीत गेली खड्ड्यात. पण ते नंतर भांडू. तुम्ही घरी आल्यावर, सावकाश भांडू.

माफी तुम्ही मागितलीत, ती पोचली. पहिला शब्द तुमचा हवा होता ना त्यांना. त्यांनीच मला आज हे लिहायला सांगितलं आहे, आणि खाली त्यांचा अंगठा आहे, सही येत असून. म्हणाले, सहीनं कागद खरा होते, अंगठ्यानं माणूस.

पुढचं वाक्य माझं नाही. भाऊजी सांगतात तसं लिहिते.

गोकुळ, देव घरी आले. बोल आता.